नाचायची लाज

रिचर्ड गिअरचा २००४ चा ‘शॅल वुई डान्स’ बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तो मासायुकी सुओ यांच्या १९९६ च्या जपानी चित्रपटावर बेतलेला आहे, हे मला उशिरा कळलं.

मूळ नायक सुगियामा हिशेबखात्यातला. घराचं कर्ज, रोजची ट्रेन. खिडकीत उभी असलेली बाई दिसते आणि तो चोरून नाच शिकू लागतो. चोरून का? तिथे नवरा-बायकोनेही चारचौघांत हात धरणं लाजिरवाणं, असं चित्रपट सुरुवातीलाच सांगतो. शिवाय १९४८ च्या कायद्याने नृत्यगृहांना बारच्या पंगतीला बसवलं होतं. ते बंधन सैल झालं २०१५ च्या दुरुस्तीने.

अमेरिकन गोष्ट शिकागोतली. तिथे नाचाची कसली लाज? म्हणून नायकाला लाज वाटते ती वेगळीच: सगळं असूनही आणखी सुख हवंसं वाटतं याची. शेवटी तो गुलाब घेऊन सरकत्या जिन्याने बायकोपाशी जातो.

मला मात्र सुगियामाच जवळचा. आमच्या गोव्यात किरिस्तांव शेजाऱ्यांच्या लग्नात जोडीने नाचणं ही रीतच. मी वीस वर्षं खुर्चीत बसून ताल धरतोय. बायकोला एकदाही विचारलेलं नाही.