कचऱ्याचे थर आणि ते उचलणारे हात

सध्या 'नो-डिग बेड'च्या रील्सचा पूर आलाय. गवतावर पुठ्ठा अंथरायचा, त्यावर पालापाचोळा, मग ओला कचरा, शेण, पुन्हा पालापाचोळा, सगळ्यात वर तयार खत आणि लगेच रोपं. कुदळ नको, फावडं नको. पॅट्रिशिया लान्झा या अमेरिकन लेखिकेने 1998 मध्ये 'लाझान्या गार्डनिंग' नावाचं पुस्तक लिहिलं, तेव्हापासून हे खाद्यपदार्थाचं नावही त्याला चिकटलं. आपल्याकडे हे सगळं बाहेरचं तंत्र म्हणून पोचतंय. पण कचऱ्याच्या थरांच्या या गोष्टीतला एक मोठा टप्पा आपल्या शेजारच्या इंदूरमध्ये घडला. तो सांगावासा वाटतो, कारण त्यात एक प्रश्न आहे जो रील्समध्ये कधी येत नाही: हे सगळं काम करायचं कुणी?

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ 1905 साली बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत आले. 1924 मध्ये होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर इंदूरची 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. त्यांच्यापुढची अडचण आपल्या कुठल्याही शेतकऱ्याला कळेल अशी होती. शेण गोवऱ्यांत जातं, चुलीत जळतं, शेताला उरतं थोडंच. मग त्या थोड्या शेणाचा विरजणासारखा वापर करायचा. काडीकचरा, तण, पालापाचोळा यांचा थर, त्यावर शेण, गोमूत्र मुरलेली माती, थोडी राख, पाणी आणि पुन्हा तेच. खड्डा भरला की साधारण सोळा दिवसांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी तो उलथवायचा. तीन महिन्यांत खत तयार. चीनमधल्या शेतकऱ्यांची जुनी रीत आणि इथल्या शेतकऱ्यांचं निरीक्षण, दोन्ही त्यामागे होतं. शेतकरी हेच आपले प्राध्यापक, असं हॉवर्ड स्वतः म्हणत.

1931 मध्ये या कामावरचं पुस्तक निघालं. त्यावर दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे त्याच संस्थेत रसायन विभागात होते. पुढे हॉवर्ड जगभर सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून गाजले. वाडांचं नाव आज आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

1935 मध्ये गांधीजी इंदूरला गेले तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली आणि 'हरिजन'मध्ये या खताची माहिती छापली. गांधीजींना त्यात रस असणं साहजिक होतं. खताचा प्रश्न त्यांच्या लेखी सफाईचा होता, आणि सफाईचा प्रश्न म्हणजे ती कुणाच्या माथी मारलीय याचा.

इंदूर पद्धतीत मेहनत फार. ढीग तीनदा उलथवायला माणसं लागतात, पाणी लागतं. 1939 मध्ये बंगळुरूला सी. एन. आचार्य यांनी शहरांसाठी वेगळी वाट काढली. शहरातला कचरा आणि मैला यांचे एकावर एक थर द्यायचे, वरून माती लिंपायची आणि तसंच सोडून द्यायचं. उलथापालथ नाही. वेळ जास्त लागतो, पण श्रम वाचतात. आजचा न खणलेला वाफा या बाबतीत इंदूरपेक्षा बंगळुरूच्या जवळचा.

पण श्रम नेमके कुणाचे वाचले? उलथवण्याचे वाचले. मैला घरोघरच्या टोपल्यांतून खड्ड्यापर्यंत आणणारी माणसं तीच राहिली आणि त्यांची जातही तीच. शास्त्राने ढिगाच्या आतलं सगळं सोडवलं, पण ढिगापर्यंतचा रस्ता तसाच ठेवला.

त्या रस्त्याला हात घातला तो कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या, यासाठी या माणसाने उपास केला होता. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी सोनखताचे प्रयोग केले. मैला माती-पाचोळ्याने झाकून त्याचं खत करायचं, म्हणजे कुणाला तो डोक्यावरून वाहावा लागणार नाही. आचार्यांनी उलथवणं काढलं, अप्पांनी वाहणं काढायला घेतलं.

आणि खणणं? इंग्लंडमध्ये लेव्हन्स हॉलच्या बागेचे मुख्य माळी एफ. सी. किंग हे कंपोस्टचे पुरस्कर्ते. खणायची गरजच काय, असं विचारणारं त्यांचं पुस्तक 1946 चं. खणलं की गांडुळांची बिळं मोडतात, बुरशीचे धागे तुटतात, खाली झोपलेलं तणाचं बी उजेडात येऊन उगवतं. खत वर पसरा, खाली न्यायचं काम गांडुळं करतील.

आता आपल्याकडे या. आमच्या सोसायटीच्या मागे आम्ही दहा बाय चार फुटांचा असा वाफा केलाय. गवत मुळासकट न उपटता कापलं. चिकटपट्ट्या काढलेले पुठ्ठे भिजवून एकमेकांवर वीतभर चढवून अंथरले. मग चार बोटं सुका पाला, दोन बोटं ओला कचरा, शेणाचा काला, पुन्हा पाला. सुकं नेहमी ओल्याच्या दुप्पट, नाहीतर वास येतो. भिंतीपासून लांब ठेवला आणि ओल राखली, कारण आपल्याकडे कोरड्या पुठ्ठ्याला वाळवी लागायला वेळ लागत नाही. वर तीन बोटं तयार खत. मेथी, पालक आधी. वांगी-टोमॅटो पुठ्ठा कुजल्यावर.

ग्रुपवर विरोध झाला. 'वास येईल', 'उंदीर येतील', आणि शेवटी खरं कारण: 'आपण टॅक्स भरतो, कचरा उचलायला माणसं आहेत.' सफाईला येणाऱ्या मावशी वाफा बघून एवढंच म्हणाल्या, "एवढ्या कचऱ्यात तरी हात घालावा लागणार नाही."

2016 च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करणं आपलं काम ठरवलं, रस्त्यावर कचरा जाळायला मनाई केली. तरी शिळी भाजी, सॅनिटरी पॅड आणि फुटकी काच एकाच पिशवीत जाते आणि ती कुणीतरी हाताने निवडतं. रस्त्याकडेचा पाला आजही सर्रास पेटवला जातो. तोच पाला वॉर्डाने पोती भरून सोसायट्यांना द्यावा, एवढी साधी मागणी आपण नगरसेवकाकडे करू शकतो. सगळ्या शहराचा कचरा एका वाफ्यात मावणार नाही, हे मान्य. पण जो मावतो, तो तरी दुसऱ्याच्या हातून का जावा?

रीलमधला वाफा सुंदर दिसतो, जरूर करा. करताना इंदूरचे वाड आठवा, कणकवलीचे अप्पा आठवा. आणि आपली पिशवी रोज कोण उघडतं, तेही.