मार्सेलिसचा बंदी आणि बाजूला राहिलेला करार

जानेवारी १९२४ मध्ये विनायक दामोदर सावरकर येरवड्याहून सुटले ते अटींवर. सरकारी परवानगीवाचून रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही, ही त्यांतली एक. ती १९३७पर्यंत टिकली. ज्या जन्मठेपेमुळे ही स्थानबद्धता आली, तिच्या आधी फ्रान्सच्या मार्सेलिस बंदरात घडलेला प्रसंग हेगच्या लवादाच्या निवाड्यावरून जुळवता येतो.

मार्च १९१० मध्ये लंडनला झालेली अटक १८८१च्या फरारी गुन्हेगार कायद्याखाली होती. हा कायदा साम्राज्यांतर्गत होता, त्यात राजकीय गुन्ह्याला सूट नव्हती. फ्रान्सच्या भूमीवर मात्र १८७६चा ब्रिटिश-फ्रेंच प्रत्यार्पण करार लागू होता. त्यानुसार रीतसर मागणी व्हायला हवी होती आणि गुन्हा राजकीय ठरल्यास आरोपी सोपवता येत नव्हता.

निवाड्यात दोन पत्रांचा उल्लेख आहे. २९ जूनला लंडनच्या पोलीसप्रमुखांनी पॅरिसच्या पोलीस खात्याला कळवले, की हा बंदी ‘मोरिया’ बोटीने मार्सेलिसवरून भारताकडे जाईल. ९ जुलैच्या उत्तरात पॅरिसने सांगितले, की अनुचित प्रकार टाळण्याच्या सूचना दिल्या आहेत. मधल्या दिवशी, ८ जुलैला, सावरकर बोटीवरून निसटून किनाऱ्याला लागले. फ्रेंच सागरी पोलिसाने त्यांना पकडले आणि बोटीवरून उतरलेल्या तिघांच्या मदतीने परत बोटीवर नेले. दुसऱ्या दिवशी बोट निघाली. कराराप्रमाणे मागणी नाही, न्यायाधीशापुढे सुनावणी नाही.

फ्रान्सने बंदी परत मागितला. २५ ऑक्टोबरला दोन्ही सरकारांनी वाद लवादाकडे सोपवला. तरी मुंबईचे विशेष न्यायालय थांबले नाही. डिसेंबरात एक आणि ३० जानेवारी १९११ला दुसरी जन्मठेप सुनावली गेली. २४ फेब्रुवारीला लवादाने अटक व ताबा देणे नियमबाह्य झाल्याचे मान्य केले. पण यात कपट वा बळजबरी नव्हती, आणि परक्या अधिकाऱ्याच्या चुकीमुळे बंदी परत करण्याचे बंधन आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असे म्हणून ब्रिटनची बाजू राखली.

या कागदांतून मला एकच निष्कर्ष निघताना दिसतो. कराराने दिलेले संरक्षण दोन पोलीस खात्यांच्या पत्रव्यवहारापुढे निरुपयोगी ठरले, कारण त्या व्यवहारावर कुणाही लोकप्रतिनिधीची नजर नव्हती.

आज भारत व फ्रान्स यांच्यात २००३चा प्रत्यार्पण करार आहे. १९६२च्या आपल्या प्रत्यार्पण कायद्यात राजकीय गुन्ह्याला सूट आहे आणि त्याखालच्या अधिसूचना संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवाव्या लागतात. फ्रान्सच्या राज्यघटनेप्रमाणे कायद्यात बदल घडवणाऱ्या करारांना तिथल्या संसदेची संमती लागते. आपल्याकडे मात्र करारावर सही करणे हे सरकारचे काम. संसदेला अनुच्छेद २५३ने अंमलबजावणीचे कायदे करण्याचा अधिकार दिला आहे, पण सहीपूर्वी चर्चा बंधनकारक नाही. माणसाचे स्वातंत्र्य दुसऱ्या देशाच्या हाती देणारा प्रत्येक करार आधी सभागृहात कलमवार तपासला जावा आणि पोलिसांनी परस्पर काय करायचे नाही, हेही त्यात लिहिलेले असावे.