भिंतीतला क्षार

नववीत आम्ल, आम्लारी आणि क्षार शिकवायचे की मी मुलांना वसईच्या किल्ल्यात नेते. 1534च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली, 1739मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांतल्या चर्चच्या भिंती अजून चुन्याच्या जोरावर उभ्या आहेत.

शिंपले आणि कालवांची टरफलं भट्टीत भाजून कळीचा चुना करायची कोकण किनाऱ्याची जुनी रीत. भाजताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कळीवर पाणी पडलं की ती तापते, फुटते, वाफाळते. ही झाली आम्लारी. मग वाळूबरोबर ती बैलाने फिरवायच्या घाण्यात मळायची. भिंतीत गेलेला चुना हवेतला आम्लधर्मी कार्बन डायऑक्साइड सावकाश परत घेतो आणि कॅल्शियम कार्बोनेट होतो. हा क्षार, शिंपल्यात होता तोच! जाड भिंतीच्या गाभ्यात हे काम वर्षानुवर्षं चालतं. मला तरी याहून सुंदर अभिक्रिया ठाऊक नाही.

सिमेंटचं ठिगळ मात्र अशा भिंतींना मानवत नाही. ओल आत कोंडते, खाऱ्या हवेतलं मीठ दगडात स्फटिक धरतं, पापुद्रे सुटतात. जुन्या घराची, विहिरीची डागडुजी काढणार असाल, तर गवंड्याकडे चुनाच मागा.