मुखकर्करोग : शस्त्रक्रियापूर्व रोहिणीगत चिकित्सा

मुखाचा प्रगत कर्करोग काढताना जीभ वा जबड्याचा मोठा भाग गमवावा लागतो आणि बोलणे, चावणे, गिळणे ही कार्ये विकल होतात. म्हणून अर्बुद आधीच लहान करण्याचे प्रयत्न झाले. औषध शरीरभर न देता अर्बुदाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीतच सोडण्याचा प्रयोग अमेरिकेत क्लॉप व सहकाऱ्यांनी १९५० मध्ये नायट्रोजन मस्टर्ड वापरून प्रसिद्ध केला. १९५९ मध्ये सलिव्हन यांनी मिथोट्रेक्सेट रोहिणीत व त्यावरील उतारा स्नायूत देण्याची युक्ती योजिली. रॉबिन्स यांनी पुढे हेच तत्त्व सिसप्लॅटीन व किरणोपचार यांच्या जोडीस लावले, तेही बहुधा शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून. नीलेतून दिलेले सोडियम थायोसल्फेट अभिसरणात पसरलेले औषध निष्प्रभ करते. त्यामुळे मोठी मात्रा सोसते. जपानमध्ये योकोहामा येथे कानापुढील रोहिणीतून बारीक नळी उलट दिशेने जिव्हा रोहिणीपर्यंत नेण्यात आली. या वाटेने मेंदूकडील रोहिणीस स्पर्श होत नाही, हा तिचा मोठा गुण होय.

नेदर्लंड्समधील २३९ रुग्णांच्या चाचणीत (२०१०) मात्र रोहिणीमार्ग नीलामार्गाहून सरस ठरला नाही. त्यापूर्वी इटलीत (२००३) शस्त्रक्रियेआधी नीलेतून औषधे दिल्याने आयुर्मान वाढले नव्हते. पण जबडा कापावा लागण्याचे प्रमाण ५२ टक्क्यांऐवजी ३१ टक्के आढळले. केवळ जगण्याची वर्षे मोजणाऱ्यांनी या आकड्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. काढता येण्याजोग्या अर्बुदात आधी शस्त्रक्रिया व मग किरणोपचार, हाच क्रम बहुतेक ठिकाणी टिकून राहिला.