मुद्दाम घडवलेला अपवाद

१९६२ साली मँचेस्टरला सुरू झालेल्या ॲटलस संगणकात ‘एक्स्ट्राकोड’ नावाच्या सूचना होत्या. दिसायला त्या बेरीज-वजाबाकीच्या सूचनांसारख्याच, पण तशी सूचना आली की यंत्र स्थिर मेमरीतल्या ठरावीक प्रोग्रामकडे वळे. त्यासाठी वेगळा प्रोग्राम काउंटर असल्याने मूळ प्रोग्राम कुठे थांबला, ते शाबूत राही. १९६४ च्या आयबीएम सिस्टीम/३६० ने ‘सुपरवायझर कॉल’ (आजच्या भाषेत सिस्टीम कॉल) थेट इंटरप्टांच्या, म्हणजे अपवादांच्या पंगतीत बसवला: जुनी स्थिती मेमरीत ३२ व्या पत्त्यावर ठेवायची, नवी ९६ व्या पत्त्यावरून उचलायची. सेवा कोणती आणि ती द्यायची कशी, याची प्रोसेसरला गंधवार्ताही नाही. प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरचा नियम माझ्या मते इथेच ठरून गेला. सिस्टीम कॉल पुरा करणं हे प्रोसेसरचं काम नव्हतंच, मग त्याच्या नकलेने ते का अंगावर घ्यावं? तिने अपवाद तेवढा बिनचूक उठवावा.

बिनचूक म्हणजे त्या त्या प्रोसेसर-घराण्याच्या रीतीने, आणि घोळ होतो तो तिथेच. ३६० मध्ये जपलेला पत्ता पुढच्या सूचनेचा असतो. मिप्समध्ये अपवादाचं कारण सांगणाऱ्या कॉज रजिस्टरात ८ हा संकेत पडतो आणि पत्ता जपणाऱ्या ईपीसी रजिस्टरात खुद्द सिस्कॉल या सूचनेचाच पत्ता राहतो. त्यात ४ मिळवून पुढे सरकायचं ते कर्नलने. (सिस्कॉल ब्रँचच्या डिले स्लॉटमध्ये, म्हणजे ब्रँचच्या लगेच पुढच्या जागी असेल, तर ईपीसीत ब्रँचचा पत्ता. ही खोच अनेकांच्या नजरेतून सुटते.) एम्युलेटरने आगाऊपणा करून आधीच ४ मिळवले, तर कर्नल आणखी ४ मिळवतो आणि मधली एक सूचना गिळली जाते. ती बिनमहत्त्वाची असली, तर चूक लवकर सापडतही नाही.

यावर कुणी म्हणेल, जेम्स लारस यांचा स्पिम हा मिप्सचा सिम्युलेटर सिस्कॉल स्वतःच निस्तरतो, आकडा छापून मोकळा होतो, आणि त्यावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. खरं आहे, पण तिथे खरी ऑपरेटिंग सिस्टीमच नव्हती. अपवाद सोपवायचा कुणाकडे? फाब्रिस बेलार यांच्या क्यूईएमयू या एम्युलेटरचा यूजर मोड हा जास्त बोलका पुरावा. तोही पाहुण्या प्रोग्रामचे कॉल यजमान लिनक्सकडून करून घेतो, पण प्रोसेसरचा गाभा आधी अपवाद उठवून बाहेर पडतो आणि कॉलची भाषांतरं बाहेरच्या लूपमध्ये होतात. मिप्ससाठी ते ४ मिळवणंही त्याच लूपमध्ये आहे, कारण यूजर मोडमध्ये कर्नलच्या जागी तोच उभा असतो.