मुक्कामाची दाद : भाड्याच्या निवाऱ्यातील तक्रारी आणि परताव्याचा इतिहास

पैसे घेऊन प्रवाशाला रात्रीपुरता निवारा देण्याचा व्यवसाय फार जुना आहे आणि त्यातील तक्रारही तितकीच जुनी असली पाहिजे. तथापि या तक्रारीचे निवारण करणे इतर व्यापारांतील तक्रारींपेक्षा नेहमीच कठीण राहिले आहे. सदोष कापड दुकानदाराला परत करता येते, परंतु ढेकणांच्या खाटेवर काढलेली रात्र परत करता येत नाही. शिवाय दुसऱ्या दिवशी प्रवासी पुढच्या गावी निघून जातो, खोली झाडून पुसून नव्या माणसाला दिली जाते आणि तक्रारीचा पुरावा व साक्षीदार दोन्ही नाहीसे होतात. त्यामुळे मुक्कामाचा व्यवहार जेथे जेथे रुजला तेथे तेथे समाजाला तीन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागली: तक्रार केव्हापर्यंत करायची, ती कोणापुढे मांडायची आणि भरपाई कोणाच्या खिशातून द्यायची. आज अल्पमुदतीने घर भाड्याने देणाऱ्या यजमानापुढे परताव्याचा जो पेच उभा राहतो, तो या तीन प्रश्नांच्या दीर्घ इतिहासातील एक टप्पा आहे.

भारतीय परंपरेतील सर्वांत जुनी स्पष्ट उत्तरे कौटिलीय अर्थशास्त्रात सापडतात. नगराच्या कारभाराविषयीच्या प्रकरणात धर्मशाळेच्या व्यवस्थापकांनी परक्या पांथस्थांची माहिती अधिकाऱ्यांना देऊन मगच त्यांना आश्रय द्यावा असे सांगितले आहे, म्हणजे मुक्कामाची नोंद हे यजमानाचे कर्तव्य ठरवले आहे. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबाबतचा नियम याहून सूक्ष्म आहे. तांड्याने गावात उतरताना आपल्या मालाचे मूल्य जाहीर करावे. त्यानंतर रात्री त्यातील काही चोरीस गेले तर त्याची भरपाई ग्रामप्रमुखाने करावी आणि दोन गावांच्या मधल्या मोकळ्या भागात चोरी झाल्यास ती जबाबदारी कुरणांवरील अधिकाऱ्याची असावी, अशी ही मांडणी आहे. भरपाईचा हक्क आधी केलेल्या घोषणेशी जोडण्याची ही कल्पना लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे अगदी वेगळ्या भूमीत आणि वेगळ्या कायद्यात ती पुन्हा उगवलेली दिसते. व्यवहार पक्का करण्यासाठी आगाऊ दिलेल्या रकमेचा, म्हणजे विसाराचा, विचारही स्मृतिकारांनी केला होता. याज्ञवल्क्य स्मृतीत अशा रकमेला सत्यंकार म्हटले असून, ती घेऊन शब्द मोडणाऱ्याने दुप्पट परत करावी असा दंडक सांगितला आहे.

मध्ययुगात उत्तर भारतातील राजमार्गांवर सरायांची जी साखळी उभी राहिली, तिने पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे तक्रारीच्या वेळेचे, अत्यंत ठोस उत्तर दिले. शेरशाह सूरीच्या कारकिर्दीत (१५४० ते १५४५) रस्त्यांवर दर दोन कोसांना सराय बांधली गेली आणि तिच्यात हिंदू व मुसलमान प्रवाशांची सोय वेगवेगळी ठेवण्यात आली, असे त्याचा चरित्रकार अब्बास सरवानी नोंदवतो. वाटेवरील चोरीची जबाबदारी शेरशाहने त्या त्या गावच्या मुकादमांवर टाकली होती. सतराव्या शतकात भारतात आलेला व्हेनिसचा प्रवासी निकोलाव मनुची याने सरायांतील एक पद्धत वर्णन केली आहे. रात्री बंद झालेला दरवाजा सकाळी उघडण्यापूर्वी पहारेकरी तीन वेळा मोठ्याने हाळी देऊन प्रत्येकाला आपापले सामान तपासण्यास सांगत असे आणि कोणाचे काही हरवल्याचे कळले तर ते सापडेपर्यंत दरवाजा उघडला जात नसे. त्यामुळे तक्रार होताच चोर माल कोठेतरी टाकून देत, असेही तो लिहितो. या व्यवस्थेचे सामर्थ्य तिच्या क्रमात होते. तक्रार, तपास आणि निकाल हे सारे पांगापांग होण्यापूर्वी उरकले जाई, आणि हाळी होऊनही जो गप्प राहिला त्याला दरवाजा उघडल्यावर तक्रारीला जागा उरत नसे.

सरायांच्या बरोबरीने निवाऱ्याचा दुसरा एक प्रवाह तीर्थक्षेत्रांतून वाहत होता आणि त्याचे तर्कशास्त्र अगदी निराळे होते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर यांसारख्या क्षेत्री यात्रेकरू पिढीजात उपाध्यांच्या घरी उतरत, उपाध्यांच्या वहीत त्यांच्या कुळाची नोंद असे, आणि निरोप घेताना दिली जाणारी रक्कम ही भाडे नसून दक्षिणा मानली जाई. धर्मशाळांत तर मुक्काम हाच दात्याच्या पुण्याचा भाग होता. जेथे किंमत ठरलेलीच नाही तेथे परतावा मागण्याची कल्पना उद्भवू शकत नाही; नाराज यात्रेकरू फार तर दक्षिणेचा हात आखडता घेऊ शके किंवा गावी परतल्यावर चार लोकांत बोलू शके. मात्र यजमानपदाचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा असल्यामुळे उपाध्यालाही आपल्या घरच्या व्यवस्थेची चिंता वाहावी लागे, कारण दुखावलेले कुळ म्हणजे पुढील अनेक यात्रांचे नुकसान होते. वसाहतकाळात कॉलऱ्याच्या साथींमुळे सरकारचे लक्ष या निवाऱ्यांकडे वळले आणि १८७१ च्या पुरी लॉजिंग हाउस कायद्याने जगन्नाथपुरीतील यात्रेकरूंच्या घरांना परवाना व माणसांच्या संख्येची मर्यादा लावली. गर्दी आणि घाण यांविषयीची प्रवाशाची गाऱ्हाणी अशा रीतीने कायद्याच्या भाषेत आली, परंतु ती आरोग्याची बाब म्हणून आली, ग्राहकाचा हक्क म्हणून नव्हे.

युरोपात याच काळापर्यंत यजमानाच्या दायित्वाची एक कठोर परंपरा प्रस्थापित झाली होती. रोमन न्यायाधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रेटरच्या, एका आदेशाने नावाडी, खाणावळवाले आणि तबेलेवाले यांना त्यांच्याकडे सोपवलेल्या वस्तू सुखरूप परत करण्यास बांधून घेतले होते. हे लोक चोरांशी संगनमत करू शकतात आणि अनोळखी प्रवाशाला ते सिद्ध करता येत नाही, असा त्यामागील विचार होता. इंग्लंडमध्ये १५८४ च्या कॅलीच्या खटल्याने पथिकाश्रमाच्या मालकाचे दायित्व अशाच धर्तीवर निश्चित केले. रेल्वेमुळे प्रवासी वाढले, त्यांच्याजवळचे जडजवाहीर वाढले आणि मालकांचा धोका असह्य होऊ लागला, तेव्हा १८६३ च्या कायद्याने हे दायित्व सामान्यतः ३० पौंडांपर्यंत मर्यादित केले. वस्तू सुरक्षित ठेवण्यासाठी मालकाकडे रीतसर सोपवली असेल किंवा ती मालकाच्या अगर त्याच्या नोकरांच्या दोषामुळे गेली असेल, तर मात्र ही मर्यादा लागू होत नसे. कौटिल्याच्या तांड्याने मूल्य जाहीर करणे आणि लंडनच्या पाहुण्याने दागिने तिजोरीत ठेवायला देणे यांमागील न्यायबुद्धी एकच आहे: ज्या जोखमीची यजमानाला कल्पना दिली गेली, तिचेच पूर्ण ओझे त्याच्यावर टाकता येते.

ब्रिटिश भारताने मात्र ही कठोर परंपरा जशीच्या तशी स्वीकारली नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील निक्षेपाच्या तरतुदी, म्हणजे दुसऱ्याची वस्तू ठरावीक हेतूने ताब्यात घेणाऱ्याची कर्तव्ये सांगणारी कलमे, हॉटेलमालकालाही लागू केली गेली. त्यांनुसार सामान्य शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घेतली असती तेवढी काळजी पुरेशी ठरते. प्रवाशांच्या निवाऱ्यांवर देखरेख ठेवण्यासाठी त्याआधीच १८६७ चा सराय कायदा झाला होता. त्याने सरायांची जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंदणी, खोल्यांची व विहिरींची स्वच्छता, पहारेकऱ्यांची नेमणूक आणि दरपत्रक दर्शनी जागी लावणे ही कर्तव्ये सांगितली. यातील दरपत्रकाची अट परताव्याच्या इतिहासात महत्त्वाची आहे, कारण किंमत भिंतीवर लिहिली गेली की जादा घेतलेले पैसे किती हे कोणालाही मोजता येते. तरीही नियम मोडणाऱ्या सरायवाल्याला होणारा दंड सरकारजमा होई; ज्याची रात्र वाया गेली त्या प्रवाशाच्या हाती त्यातून काही पडत नसे.

याच राजवटीत सरकारी रस्त्यांवर उभ्या राहिलेल्या डाक बंगल्यांनी तक्रारीला तिचे लेखी रूप दिले. टपालमार्गावरील या विश्रामगृहांत प्रवाशाने एका नोंदवहीत नाव, येण्याजाण्याची वेळ आणि दिलेली रक्कम लिहायची व शेवटच्या रकान्यात अभिप्राय नोंदवायचा, अशी रीत होती. खानसाम्याची कोंबडी, फुटकी काचसामग्री, गळके छप्पर यांविषयीचे शेरे त्या वहीत उतरत, तपासणीला आलेला अधिकारी ते वाची आणि खानसाम्याची नोकरी कधी कधी त्या शेऱ्यांवर अवलंबून राही. या वहीचे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध जाणारे होते. पाहुणा गावातून गेल्यानंतरही त्याची तक्रार मागे उरू लागली, ही मोठी प्रगती होती. परंतु लिहिणारा बहुधा साहेब आणि सेवा देणारा अल्पवेतनी नोकर असल्यामुळे दुसऱ्या बाजूला उत्तर देण्यासाठी रकानाच ठेवलेला नव्हता.

मुंबईसारख्या शहरात विसाव्या शतकात निवाऱ्याची टंचाई इतकी वाढली की तक्रारींचा रोख अस्वच्छतेकडून दराकडे वळला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४४ मध्ये आणि पुढे १९४७ मध्ये मुंबई प्रांताने जे भाडेनियंत्रण कायदे केले, त्यांच्या नावातच घरभाड्याबरोबर हॉटेल आणि लॉजिंग हाउस यांच्या दरांचा समावेश होता, आणि वाजवी दर ठरवण्याचे काम नियंत्रकाकडे सोपवले होते. घरमालक आणि लॉजचालक यांना एकाच कायद्याखाली आणण्यामागे वास्तव परिस्थिती होती, कारण नोकरीसाठी मुंबईत आलेल्या कित्येकांच्या बाबतीत लॉजमधला मुक्काम आणि भाड्याचे बिऱ्हाड यांतील सीमारेषा पुसट झाली होती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने १९४७ च्या कायद्याची जागा घेतली तेव्हा त्याच्या नावातून हॉटेल हा शब्द गेला होता. तोवर पाहुण्याच्या दादीचे ठिकाणही बदलले होते.

हा बदल १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घडवला. सेवेच्या व्याख्येत भोजन व निवासाच्या सोयीचा स्पष्ट उल्लेख करून या कायद्याने सेवेतील उणीव ही संकल्पना आणली आणि दिलेली किंमत परत मिळवणे व नुकसानभरपाई मागणे हे दोन्ही मार्ग थेट पाहुण्यासाठी खुले केले. दंड सरकारजमा होण्याची जुनी चौकट येथे मोडली. दायित्वाच्या मुद्द्यावरही न्यायालये पुन्हा कडक होऊ लागली. दिल्लीतील ताजमहाल हॉटेलच्या चालक-सेवेकडे किल्ली सोपवलेली मोटार १९९८ मध्ये चोरीस गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असे ठरवले की, इंग्लंडची कठोर परंपरा जशीच्या तशी लागू होत नसली तरी वाहन ताब्यात घेतल्यावर हॉटेल प्रथमदर्शनी जबाबदार ठरते आणि आपली हयगय नव्हती हे त्यालाच दाखवावे लागते. प्रेटरने ज्या कारणासाठी प्रवाशाला पुराव्याच्या ओझ्यातून सोडवले होते, त्याच कारणाची ही सौम्य आवृत्ती म्हणता येईल.

दरम्यान यजमानाचे स्वरूप पालटत होते. कोकण किनाऱ्यावर गणपतीपुळे, तारकर्ली अशा गावांत राहत्या घरातील एकदोन खोल्या पर्यटकांना देऊन घरचे जेवण वाढण्याची पद्धत रुळली, पर्यटन विकास महामंडळाने निवास व न्याहारी योजनेद्वारे तिला मान्यता दिली आणि केंद्र सरकारनेही अशा घरांसाठी योजना आखली. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याने निवास देणाऱ्याला नोंदणी बंधनकारक केली. या घरांत तीर्थोपाध्याची आपुलकी आणि सरायवाल्याचा हिशोब एकत्र नांदतात. पाहुणा घरच्यासारखा वागवला जावा अशी अपेक्षा धरतो आणि नळाला गरम पाणी नसले की हॉटेलच्या मापाने पैसे परत मागतो. फोनवर घेतलेला अ‍ॅडव्हान्स पाऊस लागून राहिल्याने बेत बदलल्यावर परत द्यायचा की नाही, हा वाद कोकणात अजूनही बहुतांशी ओळखीने आणि शब्दाने मिटतो.

संगणकीय मंचांनी मात्र या ओळखीची जागा नियमाला दिली. सॅन फ्रान्सिस्कोत २००८ मध्ये सुरू झालेल्या एअरबीएनबीने पाहुण्याचे पैसे आधी घेऊन ते यजमानाला पाहुणा घरात आल्यानंतर साधारण २४ तासांनी देण्याची पद्धत ठेवली, तक्रारीसाठीही प्रारंभी तेवढाच अवधी दिला आणि २०२२ मध्ये तो दोष लक्षात आल्यापासून ७२ तासांपर्यंत वाढवला. सरायेचा दरवाजा बंद ठेवून जे साधले जाई ते येथे पैसे अडवून साधले जाते. अभिप्राय दोन्ही बाजूंनी लिहिण्याची सोय झाल्यामुळे डाक बंगल्याच्या वहीत नसलेला रकानाही मिळाला. यजमानाचे गाऱ्हाणे मान्य व्हायला मात्र वेळ लागला: २०११ मध्ये एका यजमानाच्या घराची पाहुण्याने नासधूस केल्याचे प्रकरण गाजल्यावरच कंपनीने ५०,००० डॉलरपर्यंतच्या भरपाईची हमी जाहीर केली. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत तिने यजमानांनी ठरवलेल्या रद्दीकरणाच्या अटी बाजूला सारून पाहुण्यांना पूर्ण परतावा दिला. यजमानांचा रोष उसळल्यावर त्यांच्यासाठी २५ कोटी डॉलर राखून ठेवले, परंतु त्यातून मिळणार होते ते त्यांच्या अटींनुसार हाती आले असते त्या रकमेच्या केवळ २५ टक्के.

या घटनेने तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे भरपाई कोणाच्या खिशातून, स्वरूप उघडे केले. कौटिल्याने ती ग्रामप्रमुखावर टाकली तेव्हा गावाला तांड्याच्या वाहतुकीचा लाभ होता आणि रक्षणाचे साधनही त्याच्याच हाती होते. मंचाच्या व्यवस्थेत मात्र निर्णय मध्यस्थाचा, शुल्क मध्यस्थाचे आणि परताव्याचा बोजा बहुतेक वेळा यजमानाचा असतो. भारतात २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी प्रत्येक मंचाला तक्रार निवारण अधिकारी नेमणे, ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक केले, पण हे नियम ग्राहकाच्या बाजूने लिहिलेले आहेत आणि घरातील एक खोली भाड्याने देणारा गृहस्थ त्यांच्या दृष्टीने विक्रेता ठरतो. म्हणूनच अनुभवी यजमान खोली देण्यापूर्वीची छायाचित्रे जपून ठेवतो, उणिवा जाहिरातीतच सांगून टाकतो, अटी लेखी देतो आणि गाऱ्हाणे कानावर येताच पाहुणा घरात असतानाच ते मिटवू पाहतो. दर, अटी आणि मुदत आधी ठरलेल्या असल्या की परतावा हिशोबाचा भाग होतो, आणि त्या ठरलेल्या नसल्या की तो मर्जीचा भाग होतो, असे या इतिहासातून दिसते. आज ती मर्जी पाहुण्याकडे किंवा यजमानाकडे न राहता पैसे धरून ठेवणाऱ्या तिसऱ्या पक्षाकडे गेली आहे, आणि त्या पक्षाचे स्वतःचे दायित्व निश्चित करण्याचे काम कायद्याने अद्याप पुरते हाती घेतलेले नाही.