मल्टिपल स्क्लेरोसिसमधील हाताचे व्यायाम

मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारामुळे दुबळे, ताठर किंवा थरथरते झालेले खांदे, दंड, मनगट व बोटे दैनंदिन कामांसाठी उपयोगी राहावीत, यासाठी दिल्या जाणाऱ्या पद्धतशीर सरावास हाताचे व्यायाम-प्रशिक्षण म्हणतात. भौतिकोपचार (फिजिओथेरपी) आणि व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) या दोन्ही शाखांचा त्यात सहभाग असतो. या व्यायामांनी मूळ रोग बरा होत नाही. मात्र जेवणे, वेणी घालणे, बटणे लावणे, लिहिणे यांसारखी कामे शक्य तितका काळ स्वतःची स्वतः करता यावीत, हा त्यांचा उद्देश असतो.

विकाराचे स्वरूप

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच मेंदू, मज्जारज्जू व दृष्टिचेता यांमधील चेतातंतूंवरील मायलिन या आवरणावर हल्ला करते. आवरण झिजले की संदेशांचे वहन मंदावते किंवा खंडित होते. फ्रेंच चेताविकारतज्ज्ञ जाँ-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये या विकाराचे सुस्पष्ट वर्णन केले. विकाराची सुरुवात बहुधा २० ते ४० या वयात, म्हणजे संसार व नोकरी-व्यवसायाच्या ऐन काळात होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आहे. २०२० मधील अंदाजानुसार जगभरात सुमारे २८ लाख लोकांना हा विकार होता.

हातांवर होणारे परिणाम

या विकारात चालण्यातील अडचण लगेच नजरेत भरते, हातांची अडचण मात्र पुष्कळदा मागे पडते. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक रुग्णांच्या हातांच्या कार्यात काही ना काही उणीव आढळते. तिची कारणे निरनिराळी असतात :

- स्नायूंची ताकद कमी होणे व पकड सैल पडणे;
- स्नायू ताठर होऊन कोपर, मनगट किंवा बोटे पूर्णपणे न उघडणे;
- वस्तूकडे हात नेताना, विशेषतः ती जवळ आल्यावर, कंप वाढणे;
- बधिरपणामुळे हातातील वस्तूचा अंदाज न येणे;
- थोड्याशा कामाने हात गळून जाणे.

एकाच रुग्णात यांपैकी अनेक कारणे एकत्र असू शकतात. म्हणून व्यायाम ठरवण्यापूर्वी नेमकी अडचण ओळखणे आवश्यक असते. पक्षाघातात बहुधा शरीराची एकच बाजू दुबळी होते. या विकारात पुष्कळदा दोन्ही हात कमीअधिक प्रमाणात बाधित होतात.

मूल्यमापन

रोगाची तीव्रता मोजण्यासाठी जॉन कुर्ट्झके यांची १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेली ० ते १० गुणांची श्रेणी सर्वत्र वापरली जाते. तिच्या मधल्या टप्प्यांत चालण्याच्या क्षमतेलाच अधिक महत्त्व असल्याने हातांतील बदल तिच्यात पुरेसे उमटत नाहीत. त्यामुळे हातांसाठी स्वतंत्र चाचण्या घेतल्या जातात. नऊ छिद्रांच्या चाचणीत नऊ लहान खुंट्या एकेक करून छिद्रांत बसवून पुन्हा काढायच्या असतात व त्यास लागलेला वेळ मोजला जातो. निरोगी प्रौढ व्यक्तीस त्यासाठी साधारणतः २० सेकंद लागतात. आधीच्या वेळेत २० टक्के किंवा अधिक वाढ झाल्यास ती दखलपात्र घसरण मानतात. ठोकळे व पेटी या चाचणीत एका मिनिटात किती ठोकळे एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात टाकता येतात ते मोजतात. पकडीची ताकद दाबमापक यंत्राने तपासली जाते.

दृष्टिकोनातील बदल

श्रमाने थकवा वाढतो, या समजुतीमुळे या रुग्णांना पूर्वी व्यायाम टाळण्याचा सल्ला दिला जात असे. १९९६ मध्ये अमेरिकेतील यूटा विद्यापीठातील संशोधकांनी रुग्णांना १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, हात व पाय या दोहोंनी चालवायच्या सायकलयंत्रावर व्यायाम दिला. त्यांची शारीरिक क्षमता व हातापायांची ताकद वाढल्याचे दिसून आले. तेव्हापासून बेताचा, नियमित व्यायाम हा उपचाराचाच भाग मानला जाऊ लागला.

प्रशिक्षणाच्या पद्धती

ताकदीचे व्यायाम : रबरी पट्टा, हलकी वजने किंवा पाण्याने भरलेली बाटली वापरून खांदा, कोपर व मनगट यांच्या स्नायूंना काम दिले जाते. वजन हळूहळू वाढवतात.

कार्याधारित सराव : जे काम जमवायचे आहे, तेच काम टप्प्याटप्प्याने व पुनःपुन्हा करून घेतले जाते. पेला तोंडापर्यंत नेणे हे उद्दिष्ट असल्यास प्रथम रिकामा, मग अर्धा व शेवटी भरलेला पेला उचलावयाचा असतो.

निर्बंध पद्धत : सबळ हात काही तास जायबंदी ठेवून दुबळ्या हातास काम करण्यास भाग पाडले जाते. ही पद्धत पक्षाघाताच्या उपचारातून आली आहे. एक हात दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे दुबळा असेल, तरच ती उपयोगी ठरते.

ताण देण्याचे व्यायाम : ताठर स्नायू सावकाश ताणून काही काळ त्याच स्थितीत धरतात. झटका दिल्यास ताठरता वाढते.

कंपावरील उपाय : कोपर टेबलावर टेकवून काम करणे, जड चमचा किंवा जाड मुठीची भांडी वापरणे असे उपाय शिकवले जातात. यांत कंप नाहीसा होत नाही, परंतु काम साधते.

आतापर्यंतच्या अभ्यासांवरून सरावाने हातांचे कार्य सुधारू शकते असे दिसते. मात्र अमुक एकच पद्धत सर्वांत श्रेष्ठ असे सिद्ध झालेले नाही.

घ्यावयाची काळजी

शरीराचे तापमान वाढल्यावर या रुग्णांची लक्षणे तात्पुरती बळावतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथोफ यांनी १८९० मध्ये ही बाब नोंदवली. त्यामुळे व्यायाम सकाळी, थंड व हवेशीर जागी करणे, मध्ये विश्रांती घेणे व पाणी पिणे हिताचे असते. विश्रांतीनंतर व अंग थंड झाल्यावर ओसरणारी लक्षणे बहुधा चिंताजनक नसतात. नवी दुर्बलता किंवा बधिरपणा २४ तासांहून अधिक टिकल्यास ते व्यायामाचे श्रम समजून दुर्लक्षू नये. तो रोगाचा नवा झटका असू शकतो व त्यासाठी डॉक्टरांना त्वरित दाखवणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील स्थिती

पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात या विकाराचे प्रमाण कमी आहे. मुंबईतील पारशी समाजात ते तुलनेने अधिक असल्याचे अभ्यासांत आढळले. भारतातील व्यवसायोपचाराच्या शिक्षणाचा प्रारंभही मुंबईतच झाला : जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये के.ई.एम. रुग्णालयात या विषयाची देशातील पहिली शाळा सुरू केली. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून कार्यरत आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झाली.

मोठ्या शहरांबाहेर मात्र नियमित उपचार घेणे कठीण जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात, कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमाजवळ असलेल्या कुरुंदवाडसारख्या गावातील रुग्णास चेताविकारतज्ज्ञाकडे जाण्यासाठी मिरज, सांगली किंवा कोल्हापूर गाठावे लागते. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत या परिसरातील रस्ते पाण्याखाली गेले होते. अशा काळात उपचारकेंद्रापर्यंत पोहोचणेही शक्य नसते. त्यामुळे तज्ज्ञाने एकदा ठरवून दिलेला व अधूनमधून तपासलेला घरगुती कार्यक्रम येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. कणीक मळणे, शेंगा सोलणे, धान्य निवडणे, वाती वळणे, कपडे पिळणे या नित्याच्या कामांत पकड, चिमूट व मनगटाची हालचाल यांचा चांगला सराव होतो. बोटे बधिर असल्यास विळी, सुई व चुलीजवळची कामे टाळणे इष्ट असते. घरच्यांनी प्रत्येक काम हातातून काढून घेतल्यास उरलेली क्षमताही वापराअभावी कमी होते.

कायदेशीर तरतूद

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यातील २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या व्यक्तीस अधिनियमातील आरक्षणादी विशेष तरतुदींचा लाभ घेता येतो.